मी उमेदवार होते तेव्हा

आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाली, तेव्हा गावाने अभिनंदन केले ते माझ्या यजमानांचे. "अण्णा, आता वहिनींना उभं करा. सही त्यांची, कारभार तुमचा," असे सांगायला चार दिवसांत दहा-बारा जण दुकानात येऊन गेले. मी तिथेच गल्ल्यावर बसलेली असायची. पण बोलणाऱ्यांची नजर माझ्यावरून सरळ मागच्या कपाटावर जायची. शेवटी एका भावोजींना मीच म्हटले, "उभी राहायला माझी ना नाही. पण मग कारभारही मीच बघेन. चालेल?" भावोजी कसनुसे हसले. यजमान मात्र मोकळेपणाने म्हणाले, "चालेल की! मला फक्त उधारीची वही कुठं असते तेवढं दाखवून ठेव."

ही गोष्ट २०१६ सालची. पश्चिम महाराष्ट्रातले आमचे गाव पन्नास-साठ हजार वस्तीचे, सरकारी भाषेत 'ब' वर्ग नगरपरिषद. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात बायकांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्याच दाराने आत आल्या. त्यातल्या काही नुसत्या सहीपुरत्या राहिल्या, हे खरे. पण काहींनी दार उघडे आहे म्हणताच घरही नीट बघून घेतले, हेही तितकेच खरे. गावातल्या एका आघाडीने मला उमेदवारी दिली. चिन्ह मिळाले कपबशी. मतदान २७ नोव्हेंबरला होते.

माझ्याकडे भाषणाची कला नव्हती, घरात राजकारण नव्हते. होती ती दुकानातली बावीस वर्षे. आमचे जनरल स्टोअर्स मुख्य पेठेत आहे. जूनमध्ये वह्या-पुस्तके, श्रावणात राख्या, मग गणपतीची आरास, दिवाळीला आकाशकंदील, थंडीत लोकरीचे गुंडे आणि बाराही महिने टिकल्या, बांगड्या, पेने. गल्ल्यावर बसून रस्ता जेवढा कळतो, तेवढा नगरपालिकेत बसून कळत नसावा. कोणत्या गटाराचे पाणी पहिल्या पावसात उलटे येते, कोणत्या दिव्याखाली संध्याकाळी मुली थांबत नाहीत, आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या बायका दुपारनंतर का चुळबुळतात, हे मला कोणी सांगावे लागत नव्हते.

त्या शेवटच्या प्रश्नाने मला खरे तर उभे केले. आमच्या दुकानाच्या पायरीशी एक भाजीवाल्या मावशी बसतात. सकाळी सातला येतात, दिवे लागल्यावर जातात. एकदा उन्हाळ्यात त्यांना मी पाण्याचा तांब्या दिला, तर त्यांनी तो शेजारच्या लिंबांवर शिंपडला. मी म्हटले, "अहो मावशी, प्यायला दिलंय." त्या म्हणाल्या, "म्या दिवसाचं पाणीच पीत न्हाई, वैनी. प्यालं तर जायाचं कुटं?" अख्ख्या पेठेत बायकांसाठी एक स्वच्छतागृह नव्हते. कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींचीही तीच गत होती. मुताऱ्या होत्या, त्या पुरुषांच्या. उमेदवारीचा अर्ज भरताना माझ्या डोळ्यांसमोर विकास वगैरे मोठा शब्द नव्हता. तो तांब्या होता.

शंभर रुपयांचा कागद

प्रचार सुरू झाला आणि पहिले बोलावणे आले ते पेठेतल्या व्यापाऱ्यांचे. एका कार्यालयात सगळे जमले होते. आमच्याच शेजारपाजारचे हे लोक. कोणी मामा, कोणी काका, कोणी माझ्या लेकीच्या मैत्रिणीचे वडील. चहा झाला, आणि मग एका वयस्कर कापड व्यापाऱ्यांनी पिशवीतून शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर काढला. मजकूर टाइप करून आणला होता. निवडून आल्यापासून सहा महिन्यांत मुख्य पेठेतल्या सर्व हातगाड्या आणि बैठे विक्रेते हटवीन, नाहीतर राजीनामा देईन. खाली माझ्या सहीसाठी जागा.

"सूनबाई, राग मानू नका," काका म्हणाले. "पण आम्ही घरपट्टी भरतो, गाळ्याचं भाडं भरतो, लाइटचं बिल व्यापारी दरानं भरतो. दुकानासमोर मात्र गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. आमच्या पायरीवर दुसऱ्याचा धंदा. उद्या आग लागली तर बंब आत येणार नाही. सांगा, यात खोटं काय आहे?"

यात खोटे काहीच नव्हते. मी स्वतः त्याच पेठेत घरपट्टी भरत होते. दिवाळीच्या गर्दीत आमच्याच पायरीवर पाय ठेवायला जागा नसते आणि गिऱ्हाईक आत न येताच पुढे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

पण रस्त्याची दुसरी बाजूही मी रोज बघत होते. दहाच्या सुमाराला ठेकेदाराचा माणूस येतो आणि प्रत्येक गाडीवाल्याकडून बाजार फी घेऊन पावती फाडतो. नगरपरिषद ही वसुली लिलावाने ठेक्याला देते. मावशींनी कित्येक वर्षांच्या पावत्या एका कापडी पिशवीत जपून ठेवल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. सकाळी ज्या शिक्क्याने पैसे घ्यायचे, त्याच शिक्क्याच्या गाडीने आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी येऊन तराजू उचलायचे. मग दंड भरून तराजू सोडवून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पावती. यात रस्ता मोकळा होत नव्हता की धंदा कायदेशीर होत नव्हता.

त्या आठवड्यात लेकीने मला एक कायदा छापून आणून दिला. पथविक्रेत्यांचा कायदा, २०१४ चा. आम्ही मायलेकींनी रात्री स्वयंपाकघरात बसून तो ओळीओळीने वाचला. त्यात म्हटले होते, प्रत्येक शहराने पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, दर पाच वर्षांनी निदान एकदा. ते पुरे होऊन विक्रीची प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवू नये. विक्रेत्यांची संख्या प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आत बसवावी. शहर फेरीवाला समिती नेमावी. तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात. त्याच्याही कितीतरी आधी, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की रस्त्यावर विक्री करणे हा घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क आहे. मात्र कुठे आणि कसे विकायचे यावर सरकारला बंधन घालता येते. म्हणजे गाडीवाल्याला हक्क आहे, पण हव्या त्या पायरीवर बसण्याचा हक्क नाही. दोन्ही बाजू त्यात होत्या.

आमच्या गावात तेव्हा सर्वेक्षणच झालेले नव्हते. म्हणजे सहा महिन्यांत गाड्या हटवण्याचे वचन कोणत्याही नगरसेवकाला कायद्याने पाळता येण्यासारखे नव्हते. मी पुढच्या बैठकीत कागद घेऊन गेले आणि तसे सांगितले. "काका, ज्या वचनाचा निकाल कोर्टात लागेल, त्यावर मी सही करत नाही. पण बंबाची वाट, गाडी लावायला जागा आणि प्रत्येक पायरी मोकळी, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी मी भांडेन."

काकांनी स्टॅम्प पेपरची शांतपणे घडी घातली. "ठीक आहे सूनबाई. मग आमचाही नाइलाज आहे." एवढेच बोलले. पेठेत दोनेकशे दुकाने. प्रत्येक दुकानामागे एक घर, घरात चार मते. हिशेब मला येत होता.

घरी आल्यावर यजमान बराच वेळ गप्प होते. त्यांची भिशी त्याच लोकांत, माल उधारीवर देणारे घाऊक व्यापारी त्याच लोकांतले. "तू निवडणूक हरशील याची मला फिकीर नाही," ते म्हणाले. "पण निवडणूक एक महिन्याची आहे. पेठेत मला जन्मभर बसायचंय." हे ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. दुकान दोघांचे होते. त्यावर संकट यायचे तर ते दोघांवर येणार होते. रात्री उशिरा सासूबाईंनी आतून विचारले, "काय रे, ती सही करणार होती का?" यजमान म्हणाले, "नाही." सासूबाई म्हणाल्या, "मग झालं तर. खोटा कागद घरात नको." विषय तिथे मिटला असे नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी माझी पत्रके आपल्या स्कूटरला अडकवली.

जागेची आणि वेळेची वाटणी

माझी मावसबहीण इंदूरला असते. तिच्याकडे गेले की आम्ही सराफ्यात जातो. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. दिवसा तिथे सोन्याचांदीची पेढी-दुकाने. रात्री दुकानांचे दरवाजे ओढले की त्याच फळ्यांपुढे खाद्यपदार्थांचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गाव जेवत असते. अहमदाबादचा माणेक चौकही असाच वेळेप्रमाणे कूस बदलतो. सकाळी एक बाजार, दिवसा सोन्याचा, रात्री खाण्याचा. तिथले सराफ काही संत नाहीत आणि ठेलेवालेही नाहीत. पण एकच जागा दोघांना वेगवेगळ्या वेळी पुरते, हे त्यांनी ओळखले.

माझा जाहीरनामा या विचारातून तयार झाला. तो एका पानाचा होता. पहिली गोष्ट, पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण आणि ओळखपत्रे. त्यानंतर रस्त्याच्या एकाच बाजूला पट्टा आखायचा, गाड्या पट्ट्याच्या आत, प्रत्येक दुकानाची पायरी मोकळी आणि मधली वाट बंबापुरती सदैव रिकामी. पट्ट्याबाहेर कोणी बसले तर दंड, मग तो गाडीवाला असो की दुकानाबाहेर माल मांडणारा दुकानदार. (हे वाक्य वाचून पेठेत बरीच कुजबुज झाली, कारण बादल्या आणि पुतळे रस्त्यावर मांडण्यात आम्हा दुकानदारांचाही हात कोणी धरणार नाही.) दुसरी गोष्ट, बायकांसाठी दोन स्वच्छतागृहे, पाण्यासकट आणि देखरेखीला बाई नेमून. तिसरी गोष्ट, नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातले बंद गाळे. मोठ्या अनामतीमुळे लिलावात कोणी बोली लावत नाही आणि गाळे धूळ खात पडतात. ते लहान करून कमी अनामतीवर द्यावेत, म्हणजे आज गाडीवर असलेला माणूस उद्या गाळ्यात जाऊ शकेल. चौथी गोष्ट, सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेआधी प्रभागात वाचून दाखवायची आणि काय ठरले ते नंतर सांगायचे.

एवढेच. बाकीचे उमेदवार कारखाना आणणार होते, नोकऱ्या देणार होते, रेल्वे थांबवणार होते. मला एका तरुणाने विचारले, "काकू, तुमच्यात नोकरीचं काहीच नाही?" मी म्हटले, "बाळा, नगरपरिषदेच्या कायद्यात दिवे, गटारं, पाणी, सफाई, बाजार, अग्निशमन, जन्म-मृत्यूची नोंद अशी कामं बांधून दिली आहेत. कारखाना आणणं त्यात नाही. पण तुला वडापावची गाडी टाकायची असेल तर कुणाला हप्ता न देता टाकता येईल, एवढं करणं मात्र नगरपरिषदेच्याच हातात आहे." तो हसला. मत दिले की नाही ते माहीत नाही, पण पत्रक त्याने घडी करून खिशात ठेवले. इतर पत्रके तो दुकानाच्या ओट्यावरच ठेवून गेला होता.

बाजार, नगरपालिका आणि गरिबाचा पैसा यांचे भांडण काही आजचे नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. आपण त्यांना शाळांसाठी ओळखतो. पण ते कंत्राटदार आणि व्यावसायिकही होते, बांधकामाला लागणाऱ्या मालाचा व्यवहार त्यांनी केला होता. धंदा म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून त्यांनी विरोधात मत दिले, आणि तसे करणारे ते एकटेच होते. मंडईसाठी मोठी खर्चिक इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. इमारत उभी राहिलीच. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून ती उघडली. आणि पुढे नगरपालिकेत आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले! नगरपालिकेत एकट्याचे मत वाया जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी मंडईत भाजी घेताना एकदा वर पाटीकडे बघावे.

रांगेतला प्रचार

मतदानाला तीन आठवडेही उरले नव्हते आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रचाराचे चित्रच पालटले. घरोघर जावे, तर घराला कुलूप नाहीतर घरात फक्त लहान मुले. सगळे बँकेच्या रांगेत. मग मीही रांगेतच जाऊन उभी राहिले. एका अर्थाने बरे झाले. रांगेत माणूस पळून जात नाही आणि ऐकायला त्याच्याकडे वेळ असतो. तीन मते कशी द्यायची तेही मी तिथेच समजावले. त्या वर्षी प्रभागात दोन सदस्य आणि शिवाय थेट नगराध्यक्ष, अशी तीन बटणे दाबायची होती. "एवढी बटणं तर माझ्या मिक्सरलाही नाहीत," असे एक आजी म्हणाल्या होत्या.

पेठ मात्र गार पडली. दोन हजारांची गुलाबी नोट घेऊन गिऱ्हाईक यायचे आणि सुटे नाहीत म्हणून परत जायचे. आमचा दिवसाचा गल्ला निम्म्यावर आला. तेव्हा सगळ्या पेठेत सुटे पैसे एकाच ठिकाणी होते, भाजीवाल्यांच्या पोत्याखाली. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. कारण त्यांचे सगळे गिऱ्हाईकच तेवढ्याचे. पहिल्या दिवशी मी मावशींकडून पाचशेचे सुटे घेतले. दुसऱ्या दिवशी शेजारचे स्टीलभांडीवाले आले. तिसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपर आणणारे कापड व्यापारी काका स्वतः आले आणि मावशींपुढे वाकून म्हणाले, "बाई, शंभराच्या चार-पाच नोटा निघतील का?" मावशींनी कमरेची पिशवी सोडली. "असूं द्या की, दादा. तुमच्याच पायरीवं बसून जमवल्याती."

काका जाताना माझ्याकडे बघून नुसते मान हलवून गेले. त्यात कबुली होती असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट पेठेने त्या पंधरवड्यात पाहिली. भाजीला येणारी बाई भाजी घेऊन आमच्याकडे वही घ्यायला चढते आणि वही घ्यायला आलेली बाई उतरताना कोथिंबीर घेते. गर्दी एकाची नसते. अर्धा बाजार उठवला तर उरलेल्या अर्ध्याला दुप्पट गिऱ्हाईक मिळते, हे गणित कागदावर बरोबर दिसते, रस्त्यावर नाही.

निवडणूक मी एकेचाळीस मतांनी हरले. जिंकल्या त्या बाईंनी सहा महिन्यांत पेठ मोकळी करण्याचे वचन दिले होते. मला वाईट वाटले का? वाटले. मोजणीच्या ठिकाणाहून घरी येताना पेठेतून येणे टाळून मी मागच्या बोळाने आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पडला व्हय, वैनी? आमच्यातल्या लई जणींची नावं गावच्या यादीत हायती, हितल्या न्हाईत." खरेच होते. आजूबाजूच्या खेड्यांतून येऊन पेठेत बसणाऱ्यांचे मत पेठेत नसते. त्यांच्याविषयी वचने मात्र पेठेत दिली जातात.

नंतर काय झाले

सहा महिन्यांत गाड्या दोनदा उचलल्या गेल्या आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात परत आल्या. वर्षभराने त्या नगरसेविका एका संध्याकाळी आमच्या दुकानात आल्या. दोऱ्याचे रीळ घेतले, थोडा वेळ रेंगाळल्या आणि म्हणाल्या, "ताई, तो कायदा तुमच्याकडं अजून आहे का हो?" मी छापील प्रत काढून दिली. त्यांचा मला राग नव्हता. सभागृहात त्यांना काय सोसावे लागत होते ते मला दिसत होते. त्यांच्याही आधी लोक त्यांच्या यजमानांनाच हाक मारायचे. पुढे सर्वेक्षण झाले. पट्टा निम्म्या पेठेत आखला गेला, निम्म्यात राहिला. भाजी मंडईजवळ बायकांचे एक स्वच्छतागृह झाले. पाण्याची जोडणी यायला आणखी सहा-सात महिने गेले, पण आली. मावशी आता घरून पाण्याची बाटली आणतात.

२०२० मध्ये टाळेबंदीत सगळेच बसले. त्या जूनमध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आणली. खेळत्या भांडवलासाठी तेव्हा पहिल्या टप्प्यात दहा हजार रुपयांपर्यंत कर्ज, वर्षभरात हप्त्यांनी फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात सात टक्के सवलत. पण त्यासाठी सर्वेक्षणातले ओळखपत्र हवे, नाहीतर नगरपरिषदेचे शिफारसपत्र. सर्वेक्षणाच्या दिवशी मावशी पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, त्यामुळे यादीत नाव नाही. मग ती कापडी पिशवी बाहेर निघाली. लेकीने आणि मी तारखेप्रमाणे पावत्या लावल्या. इतक्या वर्षांच्या पावत्या टेबलावर ठेवल्यावर शिफारसपत्र द्यायला फार वाद झाला नाही. तेव्हा मला वाटले, एवढ्याशा कागदासाठीच तर कायद्याने सर्वेक्षण सांगितले होते. दुकानदाराकडे परवाना असतो म्हणून बँक त्याला दारात उभे करते. गाडीवाल्याला हटवू नका एवढे म्हणून भागत नाही. त्याचे नाव कुठेतरी लिहून ठेवावे लागते.

त्यानंतर आणखी एक वेगळा काळ आम्ही पाहिला. नगरपरिषदेची मुदत संपली, आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात पुढची निवडणूक लांबत गेली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे घटनेत लिहिले आहे. पण आमच्याकडे ती झाली थेट २०२५ च्या डिसेंबरात. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. अधिकारी कामसू असतीलही. पण गटार तुंबले की रात्री कोणाचे दार वाजवायचे, हे कोणाला कळेना. ज्या नगरसेवकांना आम्ही उठता-बसता नावे ठेवत होतो, ते नसताना त्यांची किंमत कळली.

पेठेचीही दशा बदलली आहे. कापड व्यापारी काकांची दुकानदारी आता त्यांचा मुलगा पाहतो. आम्हा दुकानदारांचे गिऱ्हाईक गाडीवाल्यांनी नेले नाही. ते पाठीला मोठी पिशवी लावून दारोदार पार्सल देणाऱ्या पोराने नेले. वही, बांगडी, साडी, सगळे फोनवर मागवता येते. पेठेकडे आज उरले आहे ते एवढेच, की तिथे माणूस भेटतो, वस्तू हातात घेऊन बघता येते, चार गोष्टी एका फेरीत होतात आणि वाटेत गरम भजी मिळतात. हे टिकवायचे तर पायरीवरच्याला आणि पायरीखालच्याला एकमेकांची गरज आहे. म्हणून आता आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत पार्किंगची चर्चा होते, पाण्याची होते, दिव्यांची होते. हटवण्याचा ठराव गेली काही वर्षे आलेला नाही.

या वेळी मी उभी राहिले नाही. वय झाले म्हणून नव्हे, तर तरुण मुली पुढे आल्या म्हणून. पण मत मागायला जो कोणी दुकानात आला, त्याला मी खुर्ची दिली, चहा दिला आणि चार प्रश्न विचारले. इंदूरला, बडोद्याला, नागपूरला, तुम्ही कुठेही राहात असा, तुमच्या दारी येणाऱ्या उमेदवारालाही ते विचारून बघा. तुम्ही जे वचन देताय, ते नगरपालिकेच्या अधिकारात आहे का? त्याचा पैसा कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून येणार? आपल्या बाजारात दिवसभर काम करणाऱ्या बायकांनी जायचे कुठे? आणि तुमच्या निर्णयाने ज्याचे नुकसान होईल, त्याच्याशी तुम्ही बोललात का?

उत्तर लगेच आले नाही तरी हरकत नाही. "माहीत नाही, विचारून सांगतो," असे जो म्हणेल आणि आठ दिवसांनी खरेच परत येईल, त्याच्याकडे नीट लक्ष द्या. आमच्याकडे या वेळी असे दोघे आले. दोघांनाही माझे मत देता येणे शक्य नव्हते, पण दोघांच्याही हाती मी त्या कायद्याची एकेक प्रत ठेवली.